इंटरनेटची भाकिते आणि विसरलेला प्रश्न

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकासाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. तत्पूर्वी १९८६ पासून ‘अर्नेट’ या योजनेखाली काही निवडक शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था एकमेकींशी जोडल्या जात होत्या. परंतु पैसे मोजून कोणाही नागरिकाने या जाळ्यात प्रवेश करावा, ही सोय त्या स्वातंत्र्यदिनी प्रथम झाली. दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला जेमतेम ९,६०० बिट एवढ्या गतीने, आणि तेही संपर्क मध्येच तुटला नाही तर, अशी ती सेवा होती. या घटनेस २०२५ साली तीस वर्षे पूर्ण झाली. अशा निमित्ताने ‘केवढी ही प्रगती’ असे उद्गार काढण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि प्रगती झाली हे नाकारण्याचे काही कारणही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र थोडा वेगळा आहे. या नव्या साधनाविषयी जाणत्या माणसांनी त्या काळी जी भाकिते वर्तविली त्यांचे पुढे काय झाले, आणि जी चुकली ती का चुकली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

जुनी पंचांगे चाळण्याचा हा उद्योग निव्वळ हौसेखातर नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले, तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या भाकितांचे पेव फुटले आहे. शिक्षकाची गरज संपेल, कारकुनाचे टेबल उठेल, अमुक विषय शिकणाऱ्यास पोटाला मिळेल आणि तमुक शिकणारा उपाशी राहील, असे ठामपणे सांगणाऱ्यांची वानवा नाही. या भाकितांचा एक विशेष असा की, ज्यांच्या भवितव्याविषयी ती केली जातात ते शिक्षक, कारकून व विद्यार्थी ती करणाऱ्यांत क्वचितच असतात. भाकीत ऐकून कोणी जमीन गहाण टाकून मुलाला महागड्या अभ्यासक्रमात घालतो, तर कोणी संस्थाचालक रिक्त जागा भरण्याची घाई करीत नाही. भाकीत खोटे ठरले तर ते करणाऱ्याचे फारसे बिघडत नाही, ऐकणाऱ्याचे बिघडते. म्हणून मागील पिढीतील भाकितांचा हिशेब मांडून पाहणे अगत्याचे आहे.

प्रारंभ सर्वांत अधिक चेष्टा झालेल्या भाकितापासून करू. १९९५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे आपल्याकडे ही सेवा सुरू होण्याच्या सहाच महिने आधी, ‘न्यूजवीक’ या अमेरिकन साप्ताहिकात क्लिफर्ड स्टोल यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. इंटरनेटचा जो डांगोरा पिटला जात आहे त्यात अर्थ नाही, असा त्याचा सूर होता. स्टोल हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ. पण संगणकातले काही कळत नसलेला हा माणूस नव्हता. १९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संगणकवापराच्या हिशेबात पंचाहत्तर सेंटांची तफावत आढळली, तेव्हा तिचा चिकाटीने माग काढून त्यांनी जर्मनीत बसून अमेरिकेच्या लष्करी संगणकांत शिरणाऱ्या घुसखोराला उघडे पाडले होते. अशा माणसाने लिहिले की, कोणतेही संगणकीय भांडार वर्तमानपत्राची जागा घेणार नाही, कोणतीही तबकडी चांगल्या शिक्षकाची जागा घेणार नाही आणि संगणकांचे जाळे शासनाच्या कारभारात बदल घडविणार नाही. लोक इंटरनेटवरून पुस्तके विकत घेतील, या निकोलस निग्रोपाँटी यांच्या भाकिताची त्यांनी टिंगल केली. पैसे पाठविण्याचा भरवशाचा मार्ग नाही, माल दाखवून पटवून देणारा विक्रेता नाही, मग व्यापार कसला व्हायचा, असा त्यांचा सवाल होता. ट्रॅफल्गारच्या लढाईची तारीख शोधावयास बसलो तर शेकडो फायलींचा ढीग समोर आला आणि कामाचे काही हाती लागेना, असा अनुभवही त्यांनी नमूद केला होता.

त्यानंतर पाच महिन्यांनी ‘अॅमेझॉन’ने पुस्तकविक्री सुरू केली आणि पुढील कथा सर्वश्रुत आहे. स्टोल यांचा लेख आजही अधूनमधून हसण्यासाठी बाहेर काढला जातो. परंतु तो नीट वाचला तर असे दिसते की, त्यांच्या तक्रारींपैकी एकही तक्रार त्या दिवशी खोटी नव्हती. शोधलेले सापडत नव्हते, पैसे सुरक्षित जात नव्हते, गती मंद होती. चूक झाली ती अशी की, आज जी टंचाई आहे ती त्या वस्तूचा स्वभावधर्मच आहे असे त्यांनी धरले. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही हे शिकविले जाते की, ज्या टंचाईपायी लोक पैसे मोजावयास तयार असतात ती टंचाई म्हणजे उद्योजकाला दिलेले आमंत्रण असते. शोध लागत नाही ही अडचण दूर करण्यासाठी १९९८ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘गूगल’ काढले. पैसे पाठविण्याच्या अडचणीवर तर २०१६ साली आपल्याच देशाने ‘यूपीआय’च्या रूपाने असा तोडगा काढला की, आज भाजीच्या हातगाडीवरही काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन लटकलेला असतो. विशेष म्हणजे असा चौकोन लटकेल हे भाकीत इंटरनेटचे गोडवे गाणाऱ्यांपैकीही कोणी केले नव्हते.

स्टोल यांच्या पंक्तीला बसणारे आणखी दोघे आहेत आणि दोघेही साधे नाहीत. रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली ‘इथरनेट’ या संगणक जोडण्याच्या पद्धतीचा शोध लावण्यात प्रमुख भाग घेतला होता. १९९५ च्या डिसेंबरात त्यांनी लिहिले की, वाढत्या भाराखाली इंटरनेट १९९६ सालीच कोसळून पडेल. तसे न झाल्यास आपण आपले शब्द गिळू. इंटरनेट कोसळले नाही. तेव्हा १९९७ च्या एप्रिलमध्ये भरसभेत त्यांनी तो छापील लेख यंत्रात पाण्याबरोबर घुसळून खरोखरच प्राशन केला. आपल्याकडील वर्षफल सांगणाऱ्यांनी हा पायंडा उचलला तर कागदाचा खप बराच वाढेल! दुसरे पॉल क्रुगमन. २००५ च्या सुमारास असे दिसून येईल की, इंटरनेटचा अर्थव्यवस्थेवरील परिणाम फॅक्स यंत्राहून अधिक नव्हता, असे त्यांनी १९९८ साली लिहिले. आणि २००८ साली त्यांना आमच्या शास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, अर्थात ते वेगळ्या कामगिरीबद्दल. फॅक्सची तुलना हास्यास्पद ठरली यात शंका नाही. तथापि संगणकयुग सर्वत्र दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही, ही रॉबर्ट सोलो यांनी १९८७ साली उपस्थित केलेली शंका अद्याप पुरती निवारली गेलेली नाही. अमेरिकेतील श्रमाच्या उत्पादकतेची वाढ १९९५ नंतर सुमारे दहा वर्षे वेगवान झाली आणि मग पुन्हा मंदावली. क्रुगमन यांच्यावर हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे उत्साही मंडळींकडे वळू. यांचे यंत्राविषयीचे अंदाज बहुधा अचूक निघाले. फसले ते यंत्र समाजात आल्यावर काय होईल या बाबतीत. १९६४ साली बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात आर्थर क्लार्क यांनी सांगितले होते की, पन्नासेक वर्षांत माणसाला लंडनमध्ये बसून करता येतो तो व्यवसाय ताहिती वा बालीच्या बेटावर बसूनही तितक्याच सोयीने करता येईल आणि माणसांनी एकत्र येण्याचे ठिकाण म्हणून शहरांचे प्रयोजनच उरणार नाही. क्लार्क स्वतः १९५६ पासून सिलोनमध्ये जाऊन राहिले होते, तेव्हा ही कल्पना त्यांना प्रिय वाटावी हे स्वाभाविकच होते. १९९७ साली फ्रान्सिस केर्नक्रॉस यांनी अंतराचा मृत्यू झाल्याची घोषणा करणारा ग्रंथच लिहिला. भाकिताचा पहिला अर्धा भाग खरा ठरला: न्यूयॉर्कच्या विमा कंपनीचे काम पुण्यात होऊ लागले. पण दुसऱ्या अर्ध्या भागाचे काय झाले, हे हिंजवडीच्या रस्त्यावर सायंकाळी सहा वाजता उभे राहिले असता कोणासही कळेल. अंतर खरोखर मेले असते तर ते काम वाशीमला, गडचिरोलीलाही गेले असते. ते गेले बंगळूर, हैदराबाद आणि पुण्याला.

याचे कारण अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालीच लिहून ठेवले आहे. एकाच धंद्यातील कुशल माणसे जेथे गोळा होतात तेथे धंद्याची मर्मे जणू हवेतच मिसळतात आणि नवा मालक व नवा कामगार दोघेही तेथेच ओढले जातात. काम वाहून नेण्याचा खर्च शून्यावर आला की, जागा निवडताना त्या खर्चाचा विचार करावा लागत नाही. मग अन्य गोष्टींना, म्हणजे महाविद्यालये, विमानतळ, इंग्रजी जाणणारे मनुष्यबळ, नोकरी सुटली तर दुसरी मिळण्याची शाश्वती, यांना अधिकच महत्त्व येते. अंतर स्वस्त झाले आणि नेमक्या त्यामुळेच मोक्याची जमीन महाग झाली. २०२० सालच्या साथीत माणसे लॅपटॉप घेऊन आपापल्या गावी परतली तेव्हा क्लार्क यांचे स्वप्न अखेर साकार झाले असे वाटले होते. परंतु साथ ओसरताच अनेक कंपन्यांनी त्यांना निदान आठवड्यातील काही दिवस तरी कचेरीत परत बोलाविले.

सत्ता व मालकी यांबाबतची भाकिते तर याहूनही अधिक फसली. कवी आणि गुरेपालक असलेले जॉन पेरी बार्लो यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी दावोस येथून इंटरनेटच्या स्वातंत्र्याचा एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. या नव्या प्रदेशावर सरकारांचे सार्वभौमत्व चालणार नाही, असा त्याचा आशय होता. सरकारे आपल्या जागी राहिलीच, शिवाय बार्लो यांनी ज्यांचा नीट विचारच केला नव्हता अशा खाजगी कंपन्या सार्वभौम होऊन बसल्या. टिम बर्नर्स-ली यांच्या ‘वेब’चे तंत्र जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेने १९९३ च्या एप्रिलमध्ये कोणतेही शुल्क न आकारता जगाला खुले केले, हे या संदर्भात आठवावे. जे तंत्र कोणाच्याच मालकीचे नव्हते त्याच्यावर दोन दशकांत जगातील सर्वांत श्रीमंत कंपन्या कशा उभ्या राहिल्या?

याचे उत्तर ज्याने सर्वांत आधी दिले तो भविष्यवेत्ता म्हणून ओळखला जात नाही. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात असे मांडले की, माहिती विपुल झाली म्हणजे माहिती ज्या गोष्टीचा ग्रास करते ती गोष्ट दुर्मीळ होते. आणि माहिती ग्रास करते ती माणसाच्या अवधानाचा. तेव्हा ‘वेब’चा जन्म व्हावयास अठरा वर्षे अवकाश होता. सायमन यांनी यंत्राविषयी फारसे काही सांगितलेच नाही. त्यांनी अर्थशास्त्राचा जुनाच प्रश्न विचारला: ही वस्तू मुबलक झाल्यावर टंचाई कशाची होईल? या एका प्रश्नामुळे त्यांचे निदान आज पन्नास वर्षांनीही शिळे वाटत नाही. ‘मेटा’ कंपनीचे जवळजवळ सर्व उत्पन्न आणि ‘गूगल’च्या मूळ कंपनीचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींचे असते, याचा अर्थ आपण वापरतो त्या फुकट सेवांच्या मोबदल्यात आपले अवधान विकले जाते. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा व्यवहार आहे, आणि तो पूर्णतः कायदेशीर आहे.

आतापर्यंत उल्लेखिलेली भाकिते निदान निरिच्छ बुद्धीने केलेली होती. ज्यांचा पैसा गुंतला होता त्यांच्या भाकितांची जात निराळी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एक आकडा सर्वतोमुखी झाला होता: इंटरनेटवरील वाहतूक दर शंभर दिवसांनी दुप्पट होते. त्याचे उगमस्थान ‘वर्ल्डकॉम’ या दूरसंचार कंपनीच्या गोटात होते. पण १९९८ साली तो अमेरिकन वाणिज्य खात्याच्या अहवालातही जाऊन बसला, आणि सरकारी अहवालात छापलेल्या आकड्यास जी प्रतिष्ठा येते ती त्यास प्राप्त झाली. शंभर दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षात सुमारे बारापट. १९९५-९६ च्या सुमारास काही काळ वाढीचा वेग खरोखर तसा होता. नंतर तो वर्षाला दुपटीच्या आसपास उतरला, हे अँड्र्यू ओडलिझ्को व त्यांचे सहकारी यांनी त्याच १९९८ साली दाखवून दिले. परंतु भांडवलाचा लोंढा एकदा सुटला की शहाण्याचे कोण ऐकतो! समुद्रतळातून व जमिनीखालून प्रकाशतंतूंच्या तारा गरजेच्या कित्येक पट अंथरल्या गेल्या. १० मार्च २००० रोजी ‘नॅस्डॅक’ या शेअरबाजाराचा निर्देशांक ५,०४८ वर पोचला. २००२ च्या ऑक्टोबरात तो १,१०० च्या आसपास आला होता. त्याच वर्षी ‘ग्लोबल क्रॉसिंग’ व ‘वर्ल्डकॉम’ या कंपन्यांनी दिवाळे काढले.

या कथेचा उत्तरार्ध मुंबईत घडला आणि तो आपल्याकडे पुरेसा सांगितला गेलेला नाही. दिवाळखोरीतून गेलेल्या ‘फ्लॅग’ कंपनीचे सागरी तारांचे जाळे २००४ साली रिलायन्स समूहाने २० कोटी ७० लाख डॉलरना घेतले. ‘टायको’ कंपनीने अब्जावधी डॉलर खर्चून अंथरलेले जागतिक जाळे २००५ साली विदेश संचार निगमाने, म्हणजे ज्या संस्थेने १९९५ साली आपल्याला इंटरनेट दाखविले आणि जी तोवर टाटांकडे गेली होती तिने, अवघ्या १३ कोटी डॉलरना खरेदी केले. भाकीत खोटे होते, पण तारा खऱ्या होत्या. ज्या गुंतवणूकदारांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवला ते बुडाले, आणि त्यांच्या बुडालेल्या पैशांवर तारांची किंमत पडून पुण्या-बंगळूरचा आज्ञावलीचा धंदा वाढीस लागण्यास हातभार लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये आगगाड्यांच्या शेअरांचे जे वेड पसरले होते त्यातही भागधारक धुऊन निघाले आणि रूळ मात्र राहिले. खोट्या भाकिताचा लाभ कधीकधी तिसऱ्यालाच होतो. पण तो होईल या आशेवर कोणी धोरण आखू नये.

ग्रामीण भागाविषयीच्या भाकितांचे उदाहरण आपल्याला परदेशात शोधावे लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या पायावर, १९९८ साली केंद्र व राज्य शासन आणि वारणा समूह यांनी मिळून सत्तर गावे संगणकाने जोडण्याची योजना हाती घेतली. खेड्यातील शेतकरी गावातल्या केंद्रावर येईल, निरनिराळ्या बाजारपेठांतील भाव पाहील, पिकांवरील रोगांची माहिती घेईल, सातबारा काढील, शासकीय योजना समजून घेईल, अशी त्यामागील कल्पना होती. कल्पनेत गैर काहीच नव्हते. प्रत्यक्षात त्या संगणकांवर प्रामुख्याने जे काम झाले ते साखर कारखान्याचे: उसाची नोंद, तोडीची पाळी, काट्यावरील वजन, खताची उचल आणि बिलाची रक्कम. २००६ च्या सुमारास ‘मायक्रोसॉफ्ट’च्या बंगळूर येथील संशोधकांनी तेथे जाऊन पाहणी केली तेव्हा त्यांच्या हेच ध्यानात आले. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी एक साधा मोबाइल बसविला. शेतकऱ्याने लघुसंदेश पाठवावा आणि उत्तरादाखल आपल्या उसाचे वजन कळवून घ्यावे. तेवढ्याने काम भागू लागले.

काहींनी याचा अर्थ असा लावला की, शेतकऱ्याला इंटरनेटची गरजच नव्हती. मला हा निष्कर्ष उथळ वाटतो. ऊस एकदा कारखान्याच्या नावे नोंदविला गेला की, निरनिराळ्या बाजारपेठांतील भाव पाहून त्या शेतकऱ्याने करावयाचे काय? त्याच्यापुढील खरी टंचाई काट्यावरील वजन आपल्याला वेळेवर व विश्वासार्ह रीतीने कळण्याची होती, तोडीची टोळी केव्हा येईल हे समजण्याची होती. ती कोणी त्याला विचारलीच नव्हती. पुढे इंटरनेट खेड्यात पोचले ते केंद्रावरील संगणकातून आले नाही. खिशातील मोबाइलमधून आले, आणि तेही भाव कोसळल्यावर. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार एका जीबीला २०१४ साली सरासरी २६९ रुपये पडत होते, ते २०१८ साली बारा रुपयांच्या आत आले. मधल्या काळात, सप्टेंबर २०१६ मध्ये, ‘जिओ’ बाजारात उतरली होती. १९९८ च्या योजनाकारांनी यंत्राचा, प्रशिक्षणाचा, केंद्रांच्या जागेचा विचार केला. दर इतके कोसळतील ही शक्यता कोणाच्या गणितात नव्हती.

शिक्षकाविषयीचे भाकीत मी मुद्दाम मागे ठेवले होते. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सेबॅस्टियन थ्रुन व त्यांचे सहकारी यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य खुला केला, तेव्हा दीड लाखाहून अधिक विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. त्या यशाने भारावून थ्रुन यांनी २०१२ साली असे भाकीत केले की, पन्नास वर्षांनी उच्च शिक्षण देणाऱ्या जेमतेम दहा संस्था जगात उरतील. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील सरकारी विद्यापीठात त्यांच्या कंपनीमार्फत प्राथमिक गणितादी विषय शिकविण्याचा प्रयोग झाला. उत्तीर्णांचे प्रमाण इतके निराशाजनक आले की प्रयोग काही महिन्यांतच स्थगित करावा लागला, आणि आपला माल निकृष्ट होता हे थ्रुन यांनी मोकळेपणाने मान्य केले. कारण उघड आहे. जो आधीच शिकू शकतो, ज्याला शिस्त लागलेली आहे, त्याला उत्तम व्याख्यान पुरते. ज्याला शिकणे कठीण जाते त्याची टंचाई व्याख्यानाची नसते. त्याच्या वहीत डोकावून नेमके कोठे अडले हे पाहणाऱ्या माणसाची असते.

आपल्याकडे हा प्रयोग साथीच्या काळात, कोणाचीही इच्छा नसताना, देशव्यापी प्रमाणावर झाला. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीचे आकडे बोलके आहेत. शाळेत जाणारी मुले असलेल्या घरांपैकी २०१८ साली ३६ टक्के घरांत स्मार्टफोन होता. २०२२ साली जवळजवळ ७५ टक्के घरांत. याच काळात दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर घसरले. शाळा उघडल्या, वर्ग भरू लागले, आणि २०२४ च्या पाहणीत ते २७.१ टक्क्यांवर परत आले. फोन तर घरोघरी होताच, किंबहुना वाढला होता. मधल्या दोन वर्षांत जे नव्याने मिळाले ते शाळा व शिक्षक. वर्तमानपत्र, व्यापार, शासन यांबाबत ज्या स्टोलसाहेबांवर जग हसले, त्यांचे शिक्षकाविषयीचे वाक्य मात्र अद्याप पाय रोवून उभे आहे. शिक्षकांनी याने हुरळून जाऊ नये. चांगल्या शिक्षकाविषयी ते बोलले होते, आणि मार्गदर्शिका वाचून दाखविणाऱ्या शिक्षकाची जागा तबकडीने कधीच घेतली आहे.

कारकुनाची गोष्ट अधिक अवघड आहे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात यंत्रीकरणाविषयी करार झाला. १९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला. संगणक आला की कारकून रस्त्यावर येईल, हे संघटनांचे भाकीत होते. तसे झाले नाही, म्हणून ते भाकीत चुकले असे आजही अधिकारवाणीने सांगितले जाते. पण बँकांच्या नोकरवर्गाची रचना पाहा. व्यवसाय कित्येक पटींनी वाढला, अधिकाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि कारकुनांचे प्रमाण सातत्याने घटत गेले. काउंटरवरचा कारकून निवृत्त होईपर्यंत सन्मानाने नोकरीत राहिला. त्याची खुर्ची रिकामी झाल्यावर ती भरली गेली नाही. नोकरी गेली ती त्याच्या मुलाची, आणि जी कधी मिळालीच नाही ती गेल्याचे कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत दिवसचे दिवस बसणारी मुले मात्र दिसतात.

तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी नवे भाकीत कानी आले की यंत्र काय करू शकेल यावर वाद घालण्यात फारसे हशील नाही. त्या बाबतीत उत्साही मंडळी बहुधा बरोबरच निघतील. उत्तरे, निबंध, भाषांतरे, पत्रांचे मसुदे मुबलक होणार, हे आताच दिसते आहे. दुर्मीळ काय होईल? उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासू शकणारी माणसे दुर्मीळ होतील, असे मला वाटते. आणि आपली परीक्षापद्धती अशी माणसे घडविते असे म्हणण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही. दुसरी टंचाई अगदीच ढोबळ आहे. इंटरनेटला वजन नसते, जागा लागत नाही, असे १९९५ साली म्हटले जात होते. आज देशातील माहितीकेंद्रांचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. सागरी तारा वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे पूर्वी रासायनिक कारखान्यांची धुराडी होती तेथे, ऐरोली-महापे-रबाळे भागात संगणकांनी भरलेल्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. त्यांना अहोरात्र वीज लागते आणि यंत्रे थंड ठेवण्याची व्यवस्था लागते. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे तर याबाबतीत अधिकच भुकेली आहेत. ही वीज कोणत्या दराने दिली जाईल, ती निर्माण करण्याचा व वाहून आणण्याचा खर्च कोणाच्या बिलात चढेल, आणि राज्याच्या ज्या भागात शेतीपंपाला आजही पाळीपाळीने वीज मिळते तेथील माणसाच्या वाट्याला यातून काय येईल, हे प्रश्न राज्य वीज नियामक आयोगापुढील सुनावण्यांत विचारले जाऊ शकतात. त्या सुनावण्या जनतेला खुल्या असतात.